नळीत अडकलेलं तांबं : वाचकांचे प्रश्न

सगळ्या उत्तरांआधी एक गोष्ट गृहीत धरली आहे : रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर (काडतुसं बसतात तो फिरता भाग) उघडून, त्यातलं प्रत्येक चेंबर (काडतुसाचं भोक) डोळ्यांनी बघून आणि बोटाने चाचपून रिकामं केलंय, आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात आहेत.

प्रश्न : परवान्याचं .32 रिव्हॉल्व्हर आहे. रेंजवरून आल्यावर साफ करतो, तरी नळीत करडे पट्टे उरतात. तांबं काढायला कुठलं औषध घेऊ? (चिपळूण)

औषधाचं नंतर बघू. आधी काडतुसाची गोळी नीट बघा. टोक राखाडी असेल तर ते उघडं शिसं, त्यातून तांबं येणार कुठून? टोक तांबूस असेल तर गोळीवर तांबं-जस्ताचं कवच आहे, पण .32 ची गोळी सेकंदाला जेमतेम दोनशे-सव्वादोनशे मीटर जाते. एवढ्या वेगाला तांबं फारसं चिकटत नाही.

तुम्ही लिहिता तो करडा पट्टा बहुतेक शिशाचाच. सिलिंडर उघडा, नळीच्या मागच्या तोंडाशी पांढरा कागद धरा आणि पुढून बॅटरी मारा. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी चेंबरमधून उडी मारून नळीत शिरते, त्यामुळे शिसं खरवडलं जातं ते मागच्या तोंडाशीच. तिथे मळकट खपल्या दिसल्या तर शिसं. नळीच्या आतल्या पिळदार आट्यांच्या उंचवट्यांवर लालसर झाक दिसली तर तांबं. नुसतं काळं असेल तर दारूची काजळी, ती साध्या सॉल्व्हंटने (मळ विरघळवणाऱ्या द्रवाने) जाते.

शिशावर तांबं काढणारं अमोनियाचं औषध चालत नाही. जुन्या कांस्याच्या ब्रशवर तांब्याच्या घासणीचे चार धागे गुंडाळा, तेल लावा आणि दहा-बारा वेळा फिरवा. खपल्या सुटून येतात. मात्र बाजारातल्या बऱ्याच ‘तांब्याच्या’ घासण्या आतून लोखंडी असतात. चुंबक लावून बघा, चिकटली तर ती भांड्यांनाच ठेवा. आणि हे काम स्वयंपाकघरात नको. शिसं विषारी आहे; चिंध्या कागदात बांधून वेगळ्या ठेवा, हात साबणाने धुवा.

प्रश्न : माझं .357 मॅग्नम रिव्हॉल्व्हर आहे, कवचाच्या गोळ्या वापरतो. अमोनियाचं सॉल्व्हंट लावून ब्रश मारतोय, तरी प्रत्येक चिंधी निळीच निघते. हे तांबं संपणार कधी? (ह्यूस्टन)

ब्रश कांस्याचा आहे ना? मग कधीच संपणार नाही. कांस्य म्हणजे बहुतांशी तांबंच. अमोनिया तुमचा ब्रश विरघळवतोय आणि तुम्ही त्याचा निळा रंग मोजताय. पितळी जॅगचंही (सळईच्या चिंधी धरणाऱ्या टोकाचंही) तेच. नायलॉनचा ब्रश आणि प्लॅस्टिकचा जॅग घ्या.

तुमच्याकडे वेग जास्त, म्हणून तांबं खरंच साठतं. आधी साध्या सॉल्व्हंटने काजळी काढा, कारण तिच्याखाली तांबं दडलेलं असतं. नळी कोरडी करून तांब्याचं औषध लावलेली चिंधी फिरवा, बाटलीवर लिहिलंय तेवढाच वेळ थांबा, कोरड्या चिंधीने पुसा. निळा रंग फिका होत गेला की काम होतंय असं समजा. शेवटी सगळं औषध पुसून काढा आणि तेलाचा हात द्या. दोन औषधं एकत्र करू नका, खिडकी उघडी ठेवा, हातमोजे घाला.

फिकी निळी झाक उरली तर उरू द्या. नेम बिघडला नसेल तर आरशासारख्या नळीचा हट्ट कशाला? बऱ्याच रायफलींमध्ये मागून सळई घालता येते. रिव्हॉल्व्हरची फ्रेम आडवी येते, म्हणून सळई पुढूनच जाते आणि दरवेळी नळीच्या तोंडाची कडा घासते. अचूकपणा त्या कडेवर अवलंबून असतो. तोंडाशी सळईभोवती बसणारं गार्ड वापरा. तांब्यापेक्षा या घासण्याने बिघडलेल्या नळ्या जास्त.

(तोफांचे लोक यात पुढे आहेत. ते दारूबरोबर शिशाचा किंवा कथलाचा पातळ पत्रा ठेवतात. तांबं ठिसूळ होतं आणि पुढच्या गोळ्यासोबत निघून जातं.)

प्रश्न : तांब्याचा हंडा चिंचेने लखलखतो. मग नळीला चिंच किंवा लिंबू का नाही? (सातारा)

कारण हंडा तांब्याचा आहे, नळी पोलादाची. आंबट लागलं की ब्लूइंगचा निळसर काळा थर आधी उतरतो आणि मग गंज. निकेल चढवलेलं जुनं रिव्हॉल्व्हर असेल तर अमोनियाही जपून : निकेलखाली बऱ्याचदा तांब्याचा थर असतो, चिरेतून अमोनिया आत गेला की निकेल पापुद्र्यासारखं सुटतं.

प्रश्न : निवडणुकीत शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. परत येतं तेव्हा नळीत डाग असतात. (लातूर)

ते तांबं नव्हे, गंज. जमा करायच्या आदल्या दिवशी नळी आणि सगळे चेंबर साफ करून तेल लावा आणि चामड्याच्या म्यानाऐवजी कापडात गुंडाळून द्या. चामडं ओल धरून ठेवतं. त्यात राहिलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्याही हिरव्या कळकतात. परत आल्यावर कोरडी चिंधी फिरवून तेल पुसल्याशिवाय बार काढू नका. डाग नखाला खड्ड्यासारखा लागत असेल तर परवानाधारक आर्मररला (शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याला) दाखवा, पॉलिश पेपर अजिबात नको.