इसब आणि घरगुती उपाय: आधी तेल, मग पाला

ताई, इसब असल्याचं नुकतंच कळलंय आणि घरातला प्रत्येकजण काहीबाही सुचवतोय, तर आधी एकच करा: त्वचा कोरडी पडू देऊ नका. माझा इसब 20 वर्षांचा आहे. सगळ्यात जास्त आधार दिला तो घाण्याच्या खोबरेल तेलानं. कोमट पाण्यानं 10 मिनिटांत अंघोळ उरकायची, अंग घासायचं नाही, नुसतं टिपायचं, आणि 3 मिनिटांच्या आत ओलसर त्वचेवरच तेल लावायचं. तासाभरानं कोरड्या कातडीवर चोपडलेल्या तेलाचा तेवढा उपयोग होत नाही. खाज फार उठली तर साधे ओट्स मिक्सरमधून पिठासारखे बारीक करून अंघोळीच्या पाण्यात कालवा. खरंच शांत वाटतं.

कोरफड लावायची तर पान कापून उभं ठेवा, पिवळा चीक गळू द्या. तो आग करतो. कडुलिंबाचं तेल नुसतं, म्हणजे दुसऱ्या तेलात न मिसळता, कधीच लावू नका. कुठलीही नवी वनस्पती आधी मनगटाच्या आत चिमूटभर लावून 48 तास थांबा. लिंबू, लसूण नकोच. बावची ही औषधी वनस्पती तर मुळीच नको, लावून उन्हात गेलात तर फोड येतात.

आणि कळकळीनं सांगते, लेबल नसलेलं ‘जडीबुटीचं’ मलम घेऊ नका. अशा मलमांत पुष्कळदा न सांगता स्टेरॉइड, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्यानंच वापरायचं जोरकस औषध, मिसळलेलं सापडतं. डॉक्टरांचं मलम मनानं बंद करू नका, आणि चट्ट्यातून पू आला किंवा ताप भरला तर त्याच दिवशी त्यांच्याकडे जा.