गुंठ्यातली हरवलेली खोली

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

परवा रंकाळ्यावर भेळ खाता खाता म्हणालीस, "सर, एक वर्ष कसंबसं काढायचं. दहावी झाली की गणिताला रामराम!" तुझे पप्पा हसले, मीही हसलो. घरी आल्यावर मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. तिथंच बोललो असतो तर तुझी भेळ गार झाली असती आणि माझं भाषण झालं असतं. एकतीस वर्षं फळ्यासमोर उभा राहिलोय, भाषणाची खोड सुटत नाही. म्हणून हे पत्र. अर्धं वाचून ठेवून दिलंस तरी चालेल.

तुझा नववीचा वार्षिक पेपर पप्पांनी मला दाखवला, त्याबद्दल त्यांच्यावर चिडू नकोस. गुण कमी आहेत, पण मी गुणांकडे नंतर पाहिलं, आधी लाल खुणा पाहिल्या. बहुपदींच्या प्रश्नात (क्ष + ३)² चा विस्तार तू क्ष² + ९ असा केलास. वास्तव संख्यांच्या प्रश्नात (√२ + √३)² म्हणजे ५ असं लिहिलंस. प्रकरणं दोन, चूक एकच. आणि ती चूक नववीची नाहीच. वर्गविस्तार सातवीच्या पुस्तकात शेवटाला येतो. एप्रिल तोंडावर आलेला असतो, ऊन मी म्हणत असतं, आणि ते प्रकरण दोन तासांत उरकलं जातं. सूत्र पाठ होतं, ते कुठून आलं ते कुणी विचारत नाही.

आपण आत्ता विचारू. तुझ्या आजोबांची जमीन गुंठ्यात मोजतात ना? एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद असा चौरस. त्याची एक बाजू ३० आणि ३ अशी तोड, दुसरीही तशीच तोड, आणि कागदावर रेघा मार. ३० बाय ३० चा मोठा चौरस, ९०० चौरस फूट. कोपऱ्यात ३ बाय ३ चा चिमुकला, ९ चौरस फूट. आणि दोन्ही बाजूंना ३० बाय ३ च्या दोन पट्ट्या, प्रत्येकी ९०. सगळी बेरीज १,०८९, आणि एक गुंठा १,०८९ चौरस फुटांचाच असतो. तुझ्या पद्धतीनं केलं तर ९०० अधिक ९, म्हणजे ९०९. दोन पट्ट्या गेल्या. १८० चौरस फूट, १२ बाय १५ ची एक खोली! आजोबांच्या गुंठ्यातली खोली कुणी अशी गिळली तर ते कोर्टात जातील. तू मात्र पेपरात दोन-दोन ठिकाणी सोडून आलीस आणि वर म्हणतेस, गणित आपल्याला जमत नाही.

तुला गणित जमत नाही हे मला या पेपरावरून मुळीच दिसलं नाही. सांख्यिकीचे सगळे गुण मिळालेत, संचाचे मिळालेत. जिथं जिथं सातवी-आठवीची बीजं लागतात तिथंच पाय घसरतोय. इतिहासात शिवकाल कच्चा राहिला तरी स्वातंत्र्यलढा वाचून समजतो. गणितात तसं होत नाही. सातवीत वर्गविस्तार, त्यावर आठवीत बैजिक राशींचे अवयव, त्यावर नववीत बहुपदी, त्यावर दहावीत वर्गसमीकरणं. तू वरच्या मजल्याला रंग देतेस आणि गळती खालच्या भिंतीत आहे. क्लासवालेही वरूनच रंग मारतात, कारण त्यांना पोर्शन संपवायचा असतो. (क्लास सोड असं मी म्हणत नाही. फी भरून झालीय, पप्पा मला मारतील.)

म्हणून मे महिन्यात दहावीच्या पुस्तकाला हात लावू नकोस. सातवी आणि आठवीची पुस्तकं काढ. रद्दीत गेली असतील तर बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. सातवीतला वर्गविस्तार, आठवीतली विस्तार सूत्रे, बैजिक राशींचे अवयव आणि एकचल समीकरणे, एवढंच. रोज पाऊण तास, पेन्सिल हातात घेऊन. नुसतं वाचून गणित आलेला माणूस मी आजवर पाहिला नाही. आठवीचं पुस्तक घेऊन बसायची लाज वाटली तर त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घाल.

आता भूमिती. तू म्हणालीस की प्रमेयं पाठ केली की भागतं. मीही एके काळी तसंच केलं होतं. सहामाही परीक्षेत गुरुजींनी आकृती उलटी टांगली आणि अक्षरं बदलली. मी इमानेइतबारे पुस्तकातलं अबक लिहून आलो, आकृतीत नसलेल्या त्रिकोणाची सिद्धता! गुरुजींनी ती वर्गात वाचून दाखवली. तेव्हापासून मी सिद्धता पाठ करणं सोडलं. प्रत्येक ओळीपुढं 'का?' असं पेन्सिलीनं लिहायचं आणि उत्तर देता आलं नाही तर पुढं जायचं नाही, एवढी एकच सवय लावून घेतली.

भूमिती कुठं लागते असं विचारलं होतंस. अंबाबाईचा किरणोत्सव, म्हणजे मावळतीचे किरण मूर्तीवर पडतात तो सोहळा, तू लहानपणापासून बघतेस. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि मग ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. ह्याच तारखा का, असं कधी मनात आलं का? २१ डिसेंबरच्या सुमारास सूर्य दक्षिणेच्या टोकाला जाऊन मागं वळतो. १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर मोज: ४१ दिवस. २१ डिसेंबर ते १ फेब्रुवारी मोज: ४२. म्हणजे सूर्य जाताना ज्या जागी मावळला, येताना जवळजवळ त्याच जागी मावळतो, आणि महाद्वारातून किरण थेट गाभाऱ्यात जातो. सममितीचा अक्ष कॅलेंडरवर उभा आहे! आणि संध्याकाळी किरण आधी पायांवर, मग वर सरकत चेहऱ्याकडं का जातो? सूर्य खाली उतरतो तसा त्याचा उन्नत कोन, म्हणजे क्षितिजापासूनचा कोन, लहान होतो, दार आणि मूर्तीतलं अंतर तेवढंच राहतं, म्हणून उजेड वर चढतो. दहावीच्या त्रिकोणमितीत मनोरा आणि दोर यांची जी कंटाळवाणी उदाहरणं आहेत ना, त्यातलंच हे एक. आपल्या पूर्वजांनी ते दगडात सोडवून ठेवलंय.

तुझ्या पप्पांनाही विचार. उद्यमनगरात लेथवर ते टेपर, म्हणजे एका टोकाला निमुळता होत जाणारा दांडा, काढतात तेव्हा कंपाउंड स्लाइड (हत्यार धरणारा सरकता भाग) किती अंशात फिरवायची हे कसं ठरवतात? एका टोकाला व्यास ५० मिलिमीटर, दुसऱ्या टोकाला ४०, लांबी १००, तर व्यासांचा फरक भागिले दुप्पट लांबी म्हणजे ०.०५. टॅनच्या कोष्टकात तो कोन तीन अंशांना थोडा कमी निघतो. जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, वाया गेला की कोष्टक चुकलं की हात, हे त्यांना लगेच कळतं. परीक्षेत तेवढी सोय नाही.

राहिला अकरावीचा प्रश्न, ज्यावरून हे सगळं सुरू झालं. तुला जीवशास्त्र आवडतं, मला माहीत आहे. घरी कुंडीतल्या मुंग्यांची वही ठेवतेस. सायन्सला जीवशास्त्रासोबत गणितही ठेवता येतं. सोडलंस तर इंजिनिअरिंगच्या बहुतेक वाटा बंद होतात, आणि एनडीएमधून हवाई दल किंवा नौदलात जायचं असेल तर तीही. कॉमर्सकडे वळलीस तर तिथलं गणित वेगळ्या वळणाचं आहे: विमा, वार्षिकी, निर्देशांक, कालश्रेणी. तेही मजेचं असतं, हे सायन्सवाल्यांना कधी सांगू नकोस. तुझा सीबीएसईतला मावसभाऊ दहावीला गणित बेसिक घ्यावं की स्टँडर्ड असं विचारत होता. अभ्यासक्रम दोन्हींचा सारखाच आहे, पेपरची काठिण्यपातळी वेगळी. पुढं गणित घ्यायचा थोडासाही विचार असेल तर स्टँडर्ड घे, असं त्याला सांग.

गणित सोडायचंच असेल तर सोड. मी रागावणार नाही, आणि मुंग्या मोजायला पुन्हा सांख्यिकी लागली की तूच येशील. पण ते दहावीच्या सहामाहीनंतर ठरव, आज नको. आज तुझ्यापुढं गणित नाहीये, दोन गहाळ पट्ट्या आहेत.

पुढच्या रविवारी चारनंतर ये. गाईड घरी ठेव. आठवीचं पुस्तक, तो लाल खुणांचा पेपर आणि चौकटीची वही एवढंच आण. आधी गुंठा काढू. मग क्ष अधिक ३ चा चौरस तू काढायचास आणि मी चहा करायचा.

तुझे सर