बाबांना पार्किन्सन्स (कंपवात) आहे, घरी योग किंवा ताई ची (संथ हालचालींचा चिनी व्यायाम) करून घेतलं तर चालेल का?

हो, नक्की करा. फक्त गोळ्यांच्या जोडीला, गोळ्या बंद करून नव्हे. अमेरिकेत १९५ रुग्णांवरचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे ताई ची केलेल्यांचा तोल सुधारला, पडणं कमी झालं.

आम्ही सांगलीचे. आमच्या आप्पांचे पाय उंबऱ्यापाशी आले की जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे. अशा वेळी हात धरून ओढू नका. आप्पा आता थांबतात, लांब श्वास सोडतात, मनात 'ज्ञानबा-तुकाराम'चा ठेका धरतात आणि त्या ठेक्यावर पाऊल उचलतात. बहुतेक वेळा निघतं.

उभ्याची आसनं भिंतीला धरून, नाहीतर खुर्चीत बसून. गोळी लागू पडून अंग मोकळं असतं तेव्हाच करवून घ्या. उठताना चक्कर येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.