मोटर न्यूरॉन आजारात गांजाच्या तेलाचा खरंच उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना एमएनडी (मोटर न्यूरॉन आजार, ज्यात स्नायू हलवणाऱ्या मज्जापेशी हळूहळू निकामी होतात) आहे, पाय ताठ होतात, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात आणि सोसायटीतल्या कुणीतरी 'विजया' तेल, म्हणजे भांगेचं आयुर्वेदिक तेल, सुचवलंय. मी फिजिओथेरपिस्ट आहे, दादर-परळकडे घरी जाऊन पेशंट बघतो. औषध लिहून देणं माझं काम नाही, पण हा प्रश्न एमएनडीच्या घरांत हमखास निघतो, म्हणून त्याबद्दलचं संशोधन वाचून ठेवलंय.

या तेलाने आजार थांबतो असं कुणी सांगत असेल तर तिथेच फोन ठेवा. उंदरांवरच्या काही प्रयोगांत आजार थोडा लांबलेला दिसला होता, माणसांत तसं सिद्ध झालेलं नाही. प्रश्न उरतो तो त्रास कमी होण्याचा, आणि तिथे ताठरपणा वेगळा, गोळे वेगळे.

ताठरपणावर एक बऱ्यापैकी चाचणी आहे, इटलीतली. चार केंद्रं, 59 पेशंट, सहा आठवडे. निम्म्यांना नॅबिक्सिमॉल्स नावाचा, गांजाच्या अर्कापासून बनवलेला, तोंडात मारायचा स्प्रे, निम्म्यांना तसाच दिसणारा पण औषध नसलेला. मोजमाप अ‍ॅशवर्थ स्केलवर, म्हणजे पाय हातात धरून सांधा झरकन वाकवायचा आणि किती अडतो त्याला 0 ते 4 असे गुण द्यायचे. स्प्रेवाल्यांचा ताठरपणा सरासरी 0.11 ने उतरला, दुसऱ्या गटाचा 0.16 ने चढला. मी ही तपासणी रोज करतो. एवढासा फरक माझ्या हाताला जाणवणार नाही. पण ही सरासरी आहे, आणि वाढत जाणाऱ्या आजारात न वाढणं हेही काहीतरी आहेच. थोडक्यात, आशा ठेवायला जागा आहे, पण तेलावर महिन्याला हजारो रुपये घालावेत इतकी नाही.

शिवाय तो स्प्रे म्हणजे तुमच्याकडची बाटली नव्हे. त्याच्या एका फवाऱ्यात 2.7 मिलिग्रॅम टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक) आणि 2.5 मिलिग्रॅम सीबीडी (नशा न आणणारा घटक), दर वेळी तेवढंच. बाजारातल्या बाटलीत या दोन्हींचं प्रमाण किती, ते लेबलवर आहे का बघा. नुसतं हेम्प सीड ऑइल असेल तर ते खायचं तेल, त्यात टीएचसी जवळपास नसतंच.

पोटऱ्यांत येणाऱ्या गोळ्यांबद्दलचं उत्तर सरळ 'नाही' आहे. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या स्विस चाचणीत 27 जणांना दिवसातून दोनदा 5 मिलिग्रॅम टीएचसी दिलं, गोळे कमी झाले नाहीत. वडिलांचा रात्रीचा मुख्य त्रास तोच असेल, तर सुचवणाऱ्याने नेमकं तेच औषध सुचवलंय जे तिथे चाललं नाही. झोप आणि भूक सुधारते असं पेशंट सांगतात खरं. पण ते त्यांच्या तोंडचं, चाचणीतलं नाही.

आता माझ्या कामाची गोष्ट, जी तेल विकणारा सांगत नाही. ताठरपणा नेहमी शत्रू नसतो. मांडीचे स्नायू दुबळे झालेले काही पेशंट त्या ताठरपणाच्या जोरावरच उभे राहतात. तो औषधाने उतरवला की गुडघा एकदम वाकतो आणि बाथरूममध्ये पडायला होतं. हे बॅक्लोफेनलाही, म्हणजे ताठरपणासाठी नेहमी दिल्या जाणाऱ्या औषधालाही, लागू आहे. म्हणून कुठलंही औषध वाढवण्याआधी वडिलांना उभं करून, चालवून बघायला सांगा.

आणखी दोन धोके. टीएचसीने गुंगी येते. श्वास आधीच कमजोर असेल किंवा रात्री बायपॅप (मास्कमधून श्वासाला मदत करणारं मशीन) लागत असेल तर डॉक्टरांना न सांगता सुरू करू नका. चिलीम-सिगारेट तर विषयच नको. आणि रिलुझोल (एमएनडीवरचं औषध) चालू असेल तर लिव्हरकडे लक्ष हवं, कारण रिलुझोलने लिव्हरचे एन्झाइम्स वाढू शकतात आणि सीबीडीच्या मोठ्या डोसनेही.

कायद्याचं थोडक्यात: 1985 च्या एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे; नुसती पानं आणि बिया, फुलोरा सोबत नसेल तर, त्या व्याख्येत येत नाहीत. विजयाची आयुर्वेदिक औषधं पानांवर उभी आहेत ती त्यामुळे. पण भांग औषधांच्या ई-वन यादीत आहे, म्हणजे ती वैद्याच्या देखरेखीखाली घ्यायची. इन्स्टाग्रामवर मागवलेली बाटली त्यात बसत नाही.

मी तुमच्या जागी असतो तर केईएम, नायर किंवा जिथे दाखवताय तिथल्या न्यूरॉलॉजी ओपीडीत आधी विचारलं असतं: बॅक्लोफेन किंवा टिझानिडीन (तेही ताठरपणावरचंच औषध) यांचा डोस नीट बसवलाय का, पोटऱ्यांतल्या गोळ्यांसाठी वेगळं काही देता येईल का, आणि रोजचं स्ट्रेचिंग कोण शिकवेल. घरात पोटऱ्यांचं स्ट्रेचिंग झोपण्याआधी करा, सावकाश, झटका न देता.

इतकं करूनही विजया घ्यायचंच ठरलं, तर न्यूरॉलॉजिस्टला सांगून घ्या, आधी आणि नंतर एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी) करा. आणि बॅक्लोफेन चालू असेल तर 'आता तेल आहे ना' म्हणून ते एका दिवसात बंद करू नका. एकदम थांबवलं तर फिट येऊ शकते, भास होऊ शकतात.