वाचक विचारतात: स्विस बायकांना मत इतक्या उशिरा का मिळालं?

प्रश्न: ताई, आमची सून झुरिकला असते. तिच्या शेजारच्या आजी म्हणाल्या की त्यांनी पहिल्यांदा मत दिलं तेव्हा त्यांची पोरं शाळेत जात होती! आम्ही तर शिकलो की स्वित्झर्लंडमध्ये सगळं लोकांना विचारून होतं. मग हे कसं काय? (एक वाचक, सांगली)

उत्तर: आजी खरं बोलतायत. देशपातळीवर तिथल्या बायकांना मत मिळालं ७ फेब्रुवारी १९७१ ला. फिनलंडने १९०६ लाच दिलं होतं, फ्रान्सने १९४४ ला, आणि आपल्याकडे तर १९५१-५२ च्या पहिल्याच निवडणुकीत आपल्या आज्या रांगेत होत्या. आता खरी मेख ऐका, तिथे उशीर झाला तो लोकांना विचारत बसले म्हणूनच झाला. राज्यघटना बदलायची तर सार्वमत लागतं, त्यात एकूण मतांचं बहुमत हवं आणि वर बहुसंख्य कँटन, म्हणजे त्यांची राज्यं, ती पण हो म्हणायला हवीत. आणि मतदार कोण? फक्त पुरुष. म्हणजे बायकांना मत द्यायचं का, हे ठरवणार नवरे, भाऊ आणि सासरे. १ फेब्रुवारी १९५९ ला विचारलं तर जवळपास ६७ टक्के पुरुष चक्क नाही म्हणाले. व्हो, न्यूशातेल आणि जिनिव्हा या तीनच कँटननी हो म्हटलं, व्होने तर त्याच दिवशी आपल्या कँटनपुरतं बायकांना मत देऊन पण टाकलं.

बायका गप्प बसल्या होत्या असं मात्र समजू नका. १९२९ लाच अडीच लाखांच्या आसपास सह्यांचा अर्ज सरकारकडे गेला होता, तो तसाच पडून राहिला. १९५७ ला वॅले कँटनमधल्या उंटरबेख नावाच्या डोंगरातल्या छोट्या गावाने एका सार्वमतात सरळ बायकांनाच मतदानाला बोलावलं, विषय होता बायकांना नागरी संरक्षणाची सक्ती करायची का, म्हणजे काम बायकांनी करायचं आणि ठरवायचं पुरुषांनी! पहिलं मत टाकलं गावच्या सरपंचाच्या बायकोने. ती मतं मोजलीच नाहीत ती गोष्ट वेगळी. आणि हो, मताचा हक्क नको म्हणणाऱ्या बायकांची पण तिथे संघटना होती, सगळं खापर पुरुषांवर फोडून भागणार नाही.

मग १९७१ ला पुरुष एकदम सुधारले का? मला नाही वाटत. १९६८ ला सरकारला युरोपच्या मानवाधिकार करारावर सही करायची होती, पण बायकांना मत नाही, तेवढी अट आम्हाला लागू करू नका असं म्हणत. मानवाधिकार मान्य पण बायका सोडून, असा कारभार! त्यावर बायका जाम भडकल्या. १ मार्च १९६९ ला बर्नमध्ये संसदेसमोर हजारो जमल्या, मोर्चाच्या पुढारी एमिली लीबरहेर यांनी माईकवरून ठणकावलं की आम्ही विनवण्या करायला नाही, हक्क मागायला आलोय, आणि एकही मंत्री बाहेर येईना तेव्हा या बायाबापड्यांनी शिट्ट्यांनी चौक दणाणून सोडला. युरोपात हसं व्हायची वेळ आली तेव्हा सरकार हललं. दोन वर्षांनी ६५.७ टक्के पुरुष हो म्हणाले. करार प्रत्यक्षात लागू झाला १९७४ ला, म्हणजे आधी बायकांचं मत, मग करार.

प्रश्न: पण मत मिळून फरक काय पडतो? बायका घरातले सांगतील तिथेच शिक्का मारतात. (एक वाचक, लातूर)

उत्तर: फरक पडला ना. तिथल्या जुन्या कायद्यात नवरा हा कुटुंबाचा प्रमुख, कुठे राहायचं ते तो ठरवणार, बायकोने नोकरी करायची तर त्याची संमती हवी. नवा विवाह कायदा १९८५ ला सार्वमताला आला आणि ५४.७ टक्क्यांनी पास झाला. नंतरच्या पाहणीत दिसलं की बहुसंख्य पुरुष विरोधात होते, तो तरला बायकांच्या मतांवर. आता यातल्या किती जणी नवऱ्याला विचारून गेल्या असतील तुम्हीच सांगा.

प्रश्न: आपेनझेलमध्ये म्हणे कोर्टाने बायकांना मत दिलं. लोकांनी नाही म्हटलेलं कोर्टाने फिरवायचं, ही कसली लोकशाही? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: हो, आपेनझेल इनररोडन नावाचा छोटा कँटन. तिथे एप्रिलमध्ये चौकात सभा भरते, हात वर करून मतदान, आणि पुरुषांची ओळख म्हणजे कमरेची तलवार. १९७१ नंतरही कँटनच्या कारभारात बायकांना मत नव्हतं, देशाच्या निवडणुकीत मत द्यायचं आणि कँटनच्या सभेला कडेला उभं राहून बघायचं. २९ एप्रिल १९९० ला पुरुषांनी परत नाही म्हटलं. तिथल्याच काही बायका कोर्टात गेल्या आणि नोव्हेंबरमध्ये वरिष्ठ कोर्टाने एकमताने निकाल दिला की हे समानतेच्या विरुद्ध आहे, तुमच्या घटनेत जे नागरिक म्हटलेत त्यात बायका पण आल्या. पुढच्या एप्रिलला त्या सभेत उभ्या होत्या.

तुमचा मुद्दा तिथेही लोक मांडतात, तो अगदीच टाकाऊ नाही. पण त्या चौकात 'लोक' कोण होते? निम्मे. ज्यांचा हक्क अडवलाय त्यांनाच मतदानातून वगळायचं आणि म्हणायचं जनतेचा कौल आहे, हे मला पटत नाही. मात्र सगळेच खटले इतके सोपे नसतात. एप्रिल २०२४ ला स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार कोर्टाने स्वित्झर्लंडलाच दोषी धरलं. खटला भरला होता दोन हजारांवर वयस्क स्विस बायकांच्या संघटनेने, म्हणणं असं की सरकार हवामानबदलावर पुरेसं करत नाही आणि उष्णतेच्या लाटांचा जास्त त्रास आम्हाला होतो. जूनमध्ये तिथल्या संसदेने ठराव करून सांगितलं, आम्ही करतोय तेवढं पुरे, कोर्टाने फार पुढे जाऊ नये. इथे मतदानातून कोणाला वगळलेलं नाही, त्यामुळे तुमचा प्रश्न आपेनझेलपेक्षा इथे जास्त लागू पडतो. तरी माझं मत विचाराल तर मी त्या आज्यांच्या बाजूने, कारण ज्या मानवाधिकार कराराचं हे कोर्ट आहे त्यावर सही याच देशाने केलीय आणि निकाल आवडला नाही म्हणून पाळायचा नाही असं त्यात कुठे लिहिलेलं नाही.