रत्नागिरीहून निवृत्तीनंतर थायलंड, मलेशिया की व्हिएतनाम, राहायला कुठे जावं?

पेन्शनवर राहायचं असेल तर थायलंडच निवडा. पन्नाशी ओलांडलेल्यांना तिथे निवृत्तांचा व्हिसा मिळतो आणि तो दरवर्षी वाढवता येतो. त्यासाठी थाई बँकेत ८ लाख बात (थायलंडचं चलन) ठेव किंवा महिना ६५ हजार बात उत्पन्न दाखवावं लागतं, शिवाय दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा. व्हिएतनामात असा व्हिसाच नाही. मलेशियाच्या परदेशी रहिवाशांसाठीच्या व्हिसा योजनेत २०२४ पासून ठेवीबरोबर घरही विकत घ्यावं लागतं, ते पेन्शनीत झेपणारं नाही. थायलंडची हवा रत्नागिरीसारखीच दमट, जेवणात भात, मासळी, नारळाचं दूध. त्याची काळजी नको. मात्र परदेशी माणसाच्या नावावर तिथे सहसा जमीन होत नाही, इमारतीतला फ्लॅट होतो. घरामागे माड-पोफळी लावायची हौस असेल तर इथलं आगर अजिबात विकू नका.