दिराला दिलेले पैसे

‘नवरा मला न सांगता दिराला पैसे देतो. विचारलं की म्हणतो, माझा भाऊच आहे ना!’ ही तक्रार नेहमीची. समुपदेशनाला आलेल्या अशाच एका जोडप्याची ही हकीकत, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेले.

दोघंही कमावती. बँकेच्या मेसेजमुळे तिला कळलं. पहिल्या बैठकीत वाद रकमेवरूनच: तो म्हणे दोन-तीनदाच दिले, ती म्हणे दर महिन्याला. म्हणून 12 महिन्यांचे खातेउतारे मागवले. दिराला गेलेल्या 9 रकमा निघाल्या, बेरीज त्याच्या जवळजवळ दीड पगाराची. तो स्वतःच गप्प झाला. किरकोळ रकमांची बेरीज कुणी करत नाही.

तिने मात्र एकाच नोंदीवर बोट ठेवलं. त्याच आठवड्यात ‘हात तंग आहे’ म्हणून मुलीच्या क्लासची फी पुढे ढकलली होती. दुखणं लपवाछपवीचं होतं.

मग प्रत्येक नोंदीपुढे त्याने ‘दिले’ किंवा ‘उसने’ लिहिलं. परतीची तारीख ठरलेली नसेल तर ते ‘दिले’च धरायचे. बुडाले तरी घरखर्च अडणार नाही, एवढीच रक्कम द्यावी. जामीन राहण्याचा निर्णय तर एकट्याने घेऊच नये. हप्ते थकले की बँक जामीनदाराकडून वसुली करू शकते.

घरखर्चाचं खातं सामायिक, त्यात पगाराच्या प्रमाणात 60 आणि 40 टक्के भरायचं ठरलं. निम्मं-निम्मं न्याय्य दिसतं, पण कमी पगारवाल्याच्या हाती काही उरत नाही. नातेवाइकांना आपल्या पगाराच्या 5 टक्क्यांपर्यंत ज्याने त्याने द्यावं, त्यापुढे दोघांची संमती. पगाराच्या आठवड्यात अर्धा तास हिशेब, मुलांसमोर नाही.

दुसऱ्याच महिन्यात गाडी अडली. भावाचा फोन आला आणि हा म्हणाला, ‘बायको नको म्हणते.’ झालं, सासरी ती वाईट! नकार रक्ताच्या नात्यातल्या माणसानेच आणि स्वतःच्या नावावर द्यायचा असतो. पुढच्या वेळचं वाक्य बैठकीतच घोटून घेतलं: ‘यावेळी मला जमणार नाही.’ कारणं द्यायची नाहीत. कारण दिलं की त्यावर घासाघीस सुरू होते. दीर महिनाभर फुगून बसला, एवढं होणारच.

जोडीदार पगार काढून घेत असेल, कार्ड स्वतःकडे ठेवत असेल, प्रत्येक खर्चाला परवानगी मागायला लावत असेल, तर मात्र हा मार्ग नाही. ती आर्थिक कोंडी आहे. तिथे एकत्र बैठकीआधी एकट्याने समुपदेशकाला भेटावं आणि कायदेशीर सल्ला घ्यावा.